लेथ भंगारात जाऊ नये याची तजवीज

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, अविवाहित, मोजमापाच्या उपकरणांची अचूकता तपासणारी अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. दादा मागून वाचत होता, त्याला बाहेर पाठवले.

येत्या गुरुवारी माझ्या मानेतली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ काम आहे. लेथ विकणारे गृहस्थही म्हणाले होते, "किरकोळ काम आहे ताई, पुसायचा आणि चालवायचा." तेव्हा हे लिहून ठेवलेले बरे.

१. राहते घर आईचे आहे, त्यावर मला बोलायचा अधिकार नाही. बँकेतली शिल्लक आईला. ती इतकी कमी का, हे ज्यांना कळत नसेल त्यांनी पुढचे कलम वाचावे.

२. घरामागची खोली बाबांनी माझ्या नावे केली. तिच्यात एक जुना लेथ आहे, म्हणजे धातूची दांडी फिरती ठेवून तिला पात्याने कापत आकार देणारे यंत्र. बंद पडलेल्या कारखान्यातून आणला तेव्हा त्याला मोटर नव्हती, एका गियरचे दात पडलेले होते आणि दांडी धरणाऱ्या चकमध्ये उंदरांचा संसार होता. मोटर पाण्याच्या जुन्या पंपाची बसवली. नवी पाती परवडेनात, म्हणून तुटलेल्या ड्रिलना धार लावून केली. गियर दुसऱ्या मोडक्या यंत्राचा मिळाला. पडलेले दात मी डबीत ठेवले आहेत. ते विकणाऱ्यांना परत द्यावेत. डबीवर "किरकोळ" असे लिहावे.

३. आमचा दादा आवळतो. नळ, बरण्यांची झाकणे, सायकलची चाके, हाताला लागेल ते आवळतो. साखरेची बरणी उघडून घ्यायला आईला शेजारी जावे लागते. लेथ मी नीट सपाटीत आणून त्याच्या पायाचे बोल्ट बेताने बसवले होते. मी कामावर असताना दादाला वाटले, हे यंत्र बहिणीच्या अंगावर पडेल. त्याने लांब पान्याला लटकून बोल्ट आवळले आणि कोणाला सांगितले नाही, कारण स्वतःची चांगली कामे तो सांगत नाही. खालचा स्टँड वाकडा होता. त्यावर करकचून बसवल्याने लेथचा बेड, म्हणजे त्याचा मूळ सांगाडाच, पिळला. त्यानंतर कापलेली प्रत्येक दांडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक येऊ लागली. सगळी थंडी मी दांडीचे दुसरे टोक धरणारा टेलस्टॉक इकडेतिकडे सरकवत काढली. दादा दारातून विचारायचा, "काय गं, आज पण गाजरच?"

एकदा वहिनी आवाजाची तक्रार करायला आली. ती शाळेत भूगोल शिकवते. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ते बोल्ट इतके घट्ट लागतात का गं? ह्यांनी आवळले तेव्हा यंत्र कुरकुरलं होतं."

"ह्यांनी?"

"तुला बोलले नाहीत? मग मीही बोलले नाही हं."

बोल्ट सैल केले. एका पायाखाली थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचे तुकडे सारले. दांडी सरळ आली. वहिनीने ती बोटांनी चाचपली आणि विचारले, "मी एक करू?"

४. दादा रविवारी दुपारी पत्ते खेळायला जातो. त्या वेळी वहिनी झोपते, असे त्याला वाटते. त्याच्या गाडीच्या गियरवरची पितळी मूठ, जी तो पाहुण्यांना "बाहेरून मागवलीय" म्हणून दाखवतो, ती या खोलीतून आली आहे. वाढदिवसाची भेट वहिनीने घेतली नव्हती, केली होती. दादा, ती आवळू नकोस. आटे जातील.

५. गेल्या आठवड्यात नाश्त्याच्या वेळी दादा म्हणाला, "तुला काही होत नाही गं. पण झालंच, तर आधी ते धूड भंगारात घालतो आणि गाडी आत लावतो."

"शुभ बोल रे!" आई म्हणाली. वहिनीने अर्धी भरलेली बशी उचलली आणि आत गेली.

म्हणून: लेथ, पाती, मोजमापाची साधने आणि ती खोली वहिनीला, तिच्या एकटीच्या मालकीने. लेथ तोडू नये, विकू नये, त्यावर कपडे वाळत घालू नयेत. वहिनी, केस बांधूनच उभी राहा आणि चकची किल्ली काढल्याशिवाय मोटर चालू करू नकोस. माझा फोटो लावायचा असेल तर भिंत आहे. यंत्रावर नको.

६. दादाला माझी सायकल. लांब पाना त्याला देऊ नये. बोल्ट त्याने माझ्या काळजीने आवळले, हे मला कळते. तोंडावर मी हे कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहिले.

७. दादा साक्षीदार व्हायला तयार होता. पण ज्याला काही मिळायचे, त्याने स्वतः किंवा त्याच्या नवऱ्याने-बायकोने साक्षीदार म्हणून सही केली तर ते देणे रद्द ठरते, असे वकीलबाईंनी बजावले. दादाला मी एवढेच सांगितले की त्याचे अक्षर वाईट आहे.

ठिकाण: घरामागची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, दुपार.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई. (सही)

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे भंगारवाले काका. एवढे वजन उचलून नेणारे या भागात दुसरे कोणी नाही. कलम पाच त्यांना दोनदा वाचून दाखवले.

"अहो, पण दादा कालच भाव विचारून गेले," ते म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं."

काकांनी लेथभोवती एक फेरी मारली, चक हाताने फिरवून पाहिला. "सही करतो. पण माझ्या वजनकाट्याची खीळ झिजलीय. तुमच्या वहिनी तेवढी करून देतील?"

"देईल की. पण साक्षीदाराला यातून काही मिळता कामा नये, काका. खिळीचे पैसे पडतील."

(सही)