व्याह्यांसाठी लपवलेला डबा

सातपूर, नाशिक
सोमवार, सकाळ

तीर्थरूप कुसाआक्कास, धाकट्या सोमनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर उतरली का, की अजून तुझी पाठ वळली की डब्यात हात घालतात? कळवणला थंडी चांगलीच पडली असेल, शेकोटीजवळ बसत जा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकी खुशाल कुणीही नाही. तू म्हणशील, फोन सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय! तर अगं, तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि भाकरी थापत बोलतेस, आणि तुझ्या ओट्याच्या खिडकीला लागून आहे गोरक्षरावांचं अंगण. आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून हे वाचताना मोठ्यानं वाचू नकोस. (दाजींनाही मोठ्यानं वाचू देऊ नकोस.)

तू आमच्या उज्वलासाठी गोरक्षरावांच्या रुद्रचं स्थळ आणलंस, तुझे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. घर चांगलं, मुलगा पुण्यात नोकरीला, मान खाली घालून बोलतो, सुपारीचं व्यसन नाही. पण बघण्याच्या कार्यक्रमाला तू गुडघ्यांमुळे आली नाहीस तिथंच आमचं बिघडलं. तू असतीस तर मला कोपरानं ढोसलं असतंस. झालं असं, की पोह्यांची बशी खाली ठेवून गोरक्षराव म्हणाले, त्यांना जिओकॅशिंगचा नाद आहे. मी आधी समजलो कॅश म्हणजे काहीतरी गुंतवणूक असेल. तर तसं नाही. जगभरातली रिकामी माणसं कुठंतरी डोंगरात, झाडाखाली डबा लपवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात, आणि दुसरी रिकामी माणसं हातात जीपीएसचं मशीन घेऊन तो डबा शोधतात. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा परत होता तिथं ठेवायचा. म्हणजे घरी काहीच आणायचं नाही! (उज्वला तेव्हा पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिला त्यांनी नोकरी विचारली, ती रस्त्यांच्या सर्व्हेच्या ऑफिसात आहे म्हणाली, ते 'छान, छान' म्हणाले आणि परत डब्यांवर आले.) आणि आक्का, माझ्या तोंडातून निघून गेलं, 'अहो, मलाही भारी नाद आहे त्याचा!' का म्हणालो? मुलीचा बाप आहे मी. त्यांनी रोज सकाळी एरंडेल पितो म्हटलं असतं तरी मी म्हणालो असतो, आमच्याकडेही घेतात, वरून लिंबू पिळून.

गोरक्षराव एकदम खुलले. म्हणाले, मग पुढच्या वेळी आम्ही सहकुटुंब येतो, तुम्ही आमच्यासाठी एक डबा लपवून ठेवा. माणूस डबा कसा लपवतो त्यावरून मला घर कळतं. आता सांग, याला काय म्हणायचं? पत्रिका जुळली, गोत्र जुळलं, आता डबा जुळायचा राहिला. वर आणि म्हणाले, मोबाइलवर शोधणारे ते हौशी, खरा माणूस हातातलं मशीन वापरतो, तुमचं कोणतं आहे? मी म्हणालो, रिपेअरला दिलंय.

तर मशीन घेणं आलं. मी मेनरोडच्या एका दुकानात गेलो आणि जीपीएस द्या म्हणालो. त्यानं गाडीत लावायचं दाखवलं, ते बाईच्या आवाजात उजवीकडे वळा, डावीकडे वळा सांगतं. तसलं आमच्या घरी आहे म्हणालो. (तुझ्या भावजयीला हे सांगू नकोस.) दुसऱ्या दुकानात ट्रकमध्ये लपवायची डबी दिली, ट्रक कुठंय ते कळतं म्हणे. मी म्हणालो, बाबा, मला ट्रक नको, डबा शोधायचाय. तो म्हणाला, डब्यात ठेवा. मग मी माणसांना विचारायला लागलो. समोरच्या गल्लीत इसाकभाईंचा मोटार वायंडिंगचा कारखाना आहे, ते म्हणाले, सोमनाथभाऊ, टचस्क्रीन अजिबात घेऊ नका, हाताला घाम आला की नखरे करतं, बटनवालं घ्या. कंपनीतला निवृत्ती म्हणाला, बटनं घासतात, टचच घ्या, आणि बॅटरी चार्जिंगची घ्या. इसाकभाई म्हणाले, डोंगरावर चार्जिंग तुमचा निवृत्ती करून देणार का? पेन्सिल सेलवालं घ्या. तीन दिवस त्या दोघांनी माझ्या अंगणात वाद घातला आणि चहा आमचा ढोसला. मी दूधवाल्याला विचारलं, वॉचमनला विचारलं, दाढी करताना न्हाव्याला विचारलं. शेवटी ऑनलाइन एक पिवळं, बटनांचं, पेन्सिल सेलचं मशीन मागवलं. आलं तेव्हा विटेएवढं जड वाटलं आणि वीट निदान चालू तरी करावी लागत नाही.

आक्का, मशीन घेणं सोपं गं, लावणं म्हणजे जीव जातो. पहिल्यांदा चालू केलं तर म्हणे उपग्रह शोधतोय. अर्धा तास शोधतच होतं. मी स्वयंपाकघरात बसून वाट बघतोय, तुझी भावजय फोडणी देतेय, मला ठसका लागतोय आणि वर आकाशात कुणाचा पत्ता नाही. इसाकभाई म्हणाले, अहो, उपग्रहाला स्लॅबमधून दिसतं का, गच्चीवर जा. गच्चीवर गेलो तर ते म्हणालं, होकायंत्र सेट करा. त्यासाठी मशीन हातात धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं, मग ते उभं करून फिरायचं, मग आडवं करून. मी जरा घाईनं फिरलो की ते म्हणे पुन्हा करा. शेजारच्या गच्चीवर सरुबाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी संध्याकाळी येऊन तुझ्या भावजयीला हळूच सांगितलं, भाऊंना बाहेरचं काही झालं असेल तर त्र्यंबकच्या बाजूला एक बाबा आहेत, माझ्या पुतण्याला गुण आला. तेव्हापासून त्या माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघतात आणि त्यांचं पोरगं आमच्या दारावरून पळत जातं.

मग सेटिंग. मीटर की फूट, वेळ कुठली, उत्तर दिशा कुठली (उत्तर दिशासुद्धा दोन असतात, मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं). मग एक 'डेटम' नावाचा प्रकार निघाला. त्यात ही लांबलचक यादी, देशोदेशीची नावं. आधी तिथं डब्ल्यूजीएस चौऱ्याऐंशी असं काहीतरी होतं, गाडीच्या नंबरासारखं. मी म्हणालो हे काय भलतंच, आणि खाली खाली जात राहिलो तर चक्क दिसलं 'इंडियन'! आक्का, खोटं नाही सांगत, ऊर भरून आला. परदेशी कंपनीनं आपली एवढी आठवण ठेवली. बटन दाबलं. उज्वला नुकतीच ऑफिसातून आलेली, चप्पल काढता काढता तिनं वाकून बघितलं आणि विचारलं, 'पप्पा, इंडियन ठेवलंय?' मी म्हणालो, 'मग काय अमेरिकन ठेवू?' ती 'बरं' म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. दमून येते बिचारी, तिला कशाला या भानगडीत ओढायचं.

डबा मात्र मी झकास लपवला. अंबडच्या पलीकडे, विल्होळीच्या अंगाला एक उघडी टेकडी आहे, तिथं करंजाच्या बुंध्याशी, तीन दगडांच्या मागे. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आत नाव लिहायला कागद, पेन्सिल, हळकुंड, सुपारी. मशीननं सांगितलेले आकडे घेतले, गोरक्षरावांना पाठवले. घरी येऊन परत मशीन घेऊन गेलो, त्यानं मला बरोबर करंजाखाली नेऊन उभं केलं. म्हणालो, झालं, लेक उजवली.

काल रविवारी ते आले. गोरक्षराव, विहीणबाई (अजून झाल्या नाहीत, पण तोंडाला सवय लागलीय) आणि रुद्र. उज्वला म्हणाली तिचं डोकं दुखतंय, ती घरी थांबली. टेकडीखाली गाड्या लावल्या आणि गोरक्षराव त्यांचं मशीन समोर धरून निघाले, आम्ही मागून. आणि आक्का, ते करंजाकडे वळेचनात! सरळ पूर्वेला शंभरेक पावलं पुढं गेले आणि थांबले कुठे म्हणशील, तर बायडाबाई म्हणून एका म्हातारीचा म्हशींचा गोठा आहे, त्याच्यामागच्या उकिरड्यावर. मशीन पिक पिक करायला लागलं. ते हसून म्हणाले, वा सोमनाथराव, मुरलेले दिसता! आणि काठी घेऊन उकिरडा उपसायला लागले.

माझी अवस्था काय झाली असेल! डबा करंजाखाली, व्याही उकिरड्यात, आणि मला तोंड उघडायची सोय नाही. या खेळात शोधणाऱ्याला जागा सांगणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्यांनीच मला दोनदा बजावलेलं. आणि त्यात मी मुलीकडचा. होणाऱ्या व्याह्याला 'तुम्ही चुकलात' कसं म्हणू? मी नुसता करंजाकडे बघत उभा. खोकून पाहिलं. 'तिकडं सावली बरी आहे नाही' असंही म्हणून पाहिलं. ते म्हणाले, तुम्ही मला फसवू नका, आणि बाह्या वर सारल्या. रुद्र बिचारा वडलांना मदत म्हणून शेणात कोपरापर्यंत. तेवढ्यात बायडाबाई आली. तिनं आम्हा चौघांना बघितलं, गोरक्षरावांच्या आणि माझ्या हातातली मशीनं बघितली आणि तिला वाटलं हे रस्त्याच्या मोजणीवाले. 'माझ्या गोठ्यातून रस्ता नाय जाऊ द्यायची मी! म्हशी काय तुमच्या डोक्यावर बांधू का रं?' असं म्हणून जी सुटली, की खालच्या वस्तीतली माणसं जमा झाली. कुणी भाव विचारतोय, कुणी नोटीस मागतोय. विहीणबाई तिला समजवायला पुढं झाल्या आणि नव्या साडीसकट घसरल्या. बायडाबाईनंच त्यांना उठवलं, हौदाशी नेऊन धुतलं, आणि धुता धुता सांगितलं, 'बाई, तुमचा मालक लय लोभी दिसतो, शेण पण सोडीना.'

परत येताना गाड्यांच्या काचा सगळ्या खाली होत्या. माझ्या दारात चहासुद्धा घेतला नाही. गोरक्षराव एवढंच म्हणाले, 'विचार करून कळवतो.' विचार करून कळवतो याचा अर्थ तुला मी सांगायला नको. तुझी भावजय कालपासून माझ्याशी बोलत नाही, आणि जेव्हा बोलते तेव्हा त्याहून वाईट. एवढं चांगलं स्थळ माझ्या हातानं उकिरड्यात घातलं गं मी. आता पोरीचं कसं व्हायचं, या विचारानं घास उतरत नाही.

दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि माझ्यासाठी देवीपाशी काय मागायचं ते तूच ठरव.

तुझा, अजून कुणाचाही सासरा न झालेला,
सोमनाथ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. आक्का, पत्र मिळताच तू गोरक्षरावांकडे जा. विहीणबाईंना साडी ने, तुझ्या हातच्या पुरणपोळ्या ने, आणि सांग की आमचा सोमनाथ लहानपणापासून असाच आहे पण मनानं चांगला आहे. पाया पडावं लागलं तर माझ्या वतीनं पड. (गुडघे जपून.) काही कर, पण हे स्थळ वाचव.

आणखी ता. क. सोमवार दुपार. पाकीट चिकटवत होतो तोच गोरक्षरावांचा फोन! आक्का, ते खूश आहेत! इतक्या वर्षांत असं कुणी चकवलं नव्हतं म्हणाले. मी मुद्दाम चुकीचे आकडे दिले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही असं त्यांना वाटतंय. म्हणाले, असा पक्का माणूस व्याही म्हणून पाहिजे, विहीणबाईंचा राग मी काढतो, मुलगी पसंत, साखरपुड्याची तारीख धरा. तुझी भावजय रडली, मग हसली, मग माझ्याशी नीट बोलली. मी धावत जाऊन पेढे आणले, पहिला इसाकभाईंना दिला, सरुबाईंच्या पोरालाही दिला. तेव्हा वरचा ता. क. रद्द समज. पुरणपोळ्या दाजींना दे. (एकच.)

शेवटचा ता. क. सोमवार संध्याकाळ. उज्वला ऑफिसातून आली. मी पेढा तिच्या तोंडाजवळ नेला, तर तिनं तो घेतला नाही. पाटावर बसली आणि म्हणाली, पप्पा, आकडे मशीननं बरोबरच दिले होते. ते इंडियन म्हणजे इंग्रजांच्या काळातली जुनी मोजणी, आता सगळं जग, गोरक्षरावांचं मशीनसुद्धा, त्या चौऱ्याऐंशीवाल्यावर चालतं, दोन्हीत शंभर पावलांचा फरक पडतो. आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी म्हणालो, अगं, मग तू त्या दिवशी बघितलंस तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, बोलणार होते. मग वाटलं, चुकतंय तर चुकू दे.

मी पेढा परत पुड्यात ठेवला. मग तिनं हळूच सांगितलं. 'पप्पा, मशीन कुठलं घ्यायचं ते तुम्ही न्हाव्यालासुद्धा विचारलंत. मुलगा कसा वाटला, हे मला कुणीच विचारलं नाही.' तुझी भावजय काहीतरी बोलायला गेली, मी तिला हातानंच थांबवलं. आणि विचारलं. पोरीचे डोळे भरून आले, पण बोलली ठाम. मुलगा वाईट नाही, त्याच्यात खोट नाही, पण मला त्याच्याशी लग्न करायचं नाही.

तेव्हा आक्का, आता खरं काम हे. तू गोरक्षरावांकडे जाच. स्थळ तू आणलंस, तुझी मान खाली जाईल, मला कळतंय, आणि तू मला जे काही बोलशील ते मी ऐकून घेईन. पण त्यांना नाही म्हणून सांग. आणि त्यांनी कारण विचारलं तर मशीनवर ढकलू नकोस, उकिरड्यावर नको, माझ्या वेंधळेपणावरही नको. आमच्या मुलीची इच्छा नाही, एवढंच सांग.