कन्नड शाळेची पहिली

गुरुजी,

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. हे मराठीत लिहितोय, रागावू नका. कन्नड अजून बोलतो, वाचतो, पण लिहायला बसलं की हात अडतो. सांगलीत मी जर्मन शिकवतो. परदेशी जाणाऱ्या नर्स मुली येतात, इस्लामपूरच्या, उंब्रजच्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या आपल्या जतकडच्याही. तुमच्या शाळेतला पोरगा इतक्या लांबच्या भाषेवर पोट भरतो, हे ऐकून तुम्हाला हसू आलं असतं.

मला तुमचा मे महिना आठवतो. ज्या घरात सहा वर्षांचं मूल, त्या घरी तुम्ही नारळ आणि गुळाचा खडा घेऊन जायचात. ओट्यावर बसून म्हणायचात, मागणी घालायला आलोय. आमच्या घरी आलात तेव्हा मी कणगीमागे लपलो होतो. आई चुलीपुढून म्हणाली, मग शेळ्या कोण राखणार? तुम्ही म्हणालात, शेळ्या तुम्ही ठेवा, पोरगा मला द्या. आणि एकदा कालव्याच्या कामावर आलेल्या मराठी माणसाची मुलगी वर्गात आली. तिला कन्नड येईना, म्हणून मी तिची नक्कल केली. तुम्ही मला बाहेर उभं केलंत. "आईनं तिला ज्या भाषेत झोपवलं, त्या भाषेला हसतोस?" मग रोज मधल्या सुट्टीत तिला शेजारी बसवून तुम्ही मराठी अक्षरं गिरवून घ्यायचात. हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पुस्तकात एक धडा आहे. जर्मनीच्या पूर्व भागात मूठभर लोकांची वेगळी भाषा आहे. त्यांच्या गावांच्या पाट्या दोन भाषांत, शाळाही त्यांच्या भाषेत. तो मी अगदी रंगवून शिकवतो. यंदा जतकडची एक मुलगी उठली. "सर, आमच्या गावात कन्नड शाळा हाय, पर कन्नड येणारं मास्तरच न्हाईत. तिकडं असं चालतं का?" मी म्हणालो, पुढचं पान काढा.

आपल्या शाळेचंही तेच झालंय. नवे मास्तर भले गृहस्थ आहेत, पण कन्नडचं अक्षर ओळखत नाहीत. ते फळ्यावर मराठीत लिहितात, पोरं गप्प बघत बसतात. जूनमध्ये गावची चार माणसं माझ्याकडे आली. पुढे सरपंच, घरी मराठी बोलणारा, पण तुमच्याच हाताखाली शिकलेला. "आवं सर, कन्नड मास्तरासाठी अर्ज तुमीच लिवा. तुमचं मराठी सायबावानी हाय." मी घटनेच्या कलमासकट झोकात लिहिला. शिक्षण खात्याच्या साहेबांनी वाचून मान डोलावली आणि विचारलं, यंदा पहिलीत किती? गावात त्या वयाची एकच पोर, माझ्या थोरल्या भावाची, आणि ती जतच्या इंग्रजी शाळेत. "पहिलीला मूलच नाही तर मास्तर कुणासाठी मागता?" झालं. पुढच्या वर्षी उरलेली पोरं शेजारच्या मराठी शाळेत जातील. आपली शाळा पुन्हा उघडेल असं मला मुळीच वाटत नाही.

गाव सगळं खापर वहिनीवर फोडतंय. ती माहेरची शिराळ्याची, मराठी. तिला काय पडलंय आपल्या भाषेचं, असं बायका गिरणीत म्हणतात. खरं तर सून होऊन आल्यावर ती आमच्या आईकडून कन्नड शिकली आणि लेकीशी तेच बोलते. एप्रिलमध्ये तिचा मला फोन आला होता. "भावजी, हिला गावातच कन्नड शाळंत घालावं म्हंते मी. ह्यांचं मन व्हईना. तुमी शिकल्यालं, तुमी सांगशीला तसं करू." मी वर्गावर निघालो होतो. म्हणालो, "जतला घाला, वहिनी. कन्नड शिकून पुढं काय करणार?" तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

गेल्या रविवारी गावी गेलो. सरपंचानं माझ्यादेखत तिला बोल लावला. तिनं माझ्यापुढे चहा ठेवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी चहा प्यायलो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी खरं लिहिता आलं. गावात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगेन असंही नाही.