सासऱ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माझा कान

३ मार्च, सोमवार
लॅपटॉपमधून जे येतं त्याला गाणं म्हणणाऱ्यांची मला कीव येते. आपल्या घरात हे आजपासून बंद. सासऱ्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर माळ्यावरून काढले. सासरे गेल्यापासून दोन वर्षं चादरीत गुंडाळून पडले होते. लॅपटॉप जोडायचा, बस. दहा मिनिटांचं काम.

४ मार्च
कपाटात सासऱ्यांच्या आवाजाची कॅसेट सापडली होती. मेहुण्याने ती उतरवून तिची फाइल लॅपटॉपवर पाठवली आहे. बायकोने अजून ऐकलेली नाही. रविवारी भाऊ आला की दोघं मिळून ऐकणार. मी जाहीर केलं, ऐकायची तर बाबांच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर. तिचे डोळे भरून आले. मग नीट जमेल ना, असं तीनदा विचारलं. या घरात विश्वास म्हणून नाही.

५ मार्च
वायर आणली. दुकानदार विचारतो, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे काय काय लिहिलंय. मी म्हटलं, मला वाचता येतं. त्याने वायर पिशवीत घातली. असले लोक दुकानं चालवतात!
वायर मागच्या AUX लिहिलेल्या भोकात खुपसली. आवाज ठीक, म्हणजे मिळमिळीत. सासरे जन्मभर हेच ऐकत आले असतील तर बिचारे.

६ मार्च, सकाळी ८.२०
शोध लागला. शेजारच्या PHONO मध्ये घातली आणि भिंतीवरचं कॅलेंडर हललं! याला म्हणतात आवाज.

दुपार
मेहुण्याला फोन करून कळवलं. म्हणाला, दाजी, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, लॅपटॉप तिथे लावू नका, आवाज फाटेल. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

७ मार्च
आवाज किंचित फाटतो. फाटतो म्हणजे काय, त्याला ऊब येते. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी बेल वाजवून विचारलं, मिक्सर बिघडलाय का. गाढवाला गुळाची चव काय!

८ मार्च
बायको म्हणाली, आज एकदा लावून बघू. साफ नकार दिला. उद्याच, सगळ्यांसमोर.
ती बाजारात गेल्यावर वायर परत AUX मध्ये घालावी असं क्षणभर वाटलं. पण मेहुण्याला कळलं असतं. त्यापेक्षा ऊब बरी.

९ मार्च, रविवार, दुपार
मेहुणा आला. बायकोने स्पीकरसमोर तीन खुर्च्या मांडल्या, स्वतः मधल्या खुर्चीत बसली. मी बटण दाबलं. कुणीतरी पिंपात बसून घसा खरवडू लागलं. बायको म्हणाली, हे बाबा नाहीत. मी म्हटलं, ही ऊब आहे. ती रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं, म्हणून आवाज आणखी वाढवला. डावा स्पीकर फट्‌ करून गेला. पाठोपाठ उजवा.

मेहुणा उठला आणि त्याने लॅपटॉपची वायर उपटली. लगेच नुसत्या लॅपटॉपमधून सासरे खोकले. त्यांचाच खोकला. मग बोलू लागले. टेप आमच्या लग्नानंतर महिन्याभरातली निघाली. म्हणत होते, पोरी, जावईबापू मनाने सोनं आहेत, त्यांना कधी दुखवू नकोस. पण त्यांनी दुरुस्त केल्यापासून आमचा पंखा फिरत नाही. माझ्या मागे अ‍ॅम्प्लिफायर तुझाच. तेवढा त्यांच्या हाताला लागू देऊ नकोस.

बायको रडता रडता हसायला लागली. दोन वर्षांत अशी हसली नव्हती. भावंडांनी तेवढाच तुकडा चार वेळा लावला. चारही वेळा मला खुर्चीतून उठता आलं नाही.

संध्याकाळ
शांतपणे विचार केला. टेप जुनी, शब्द धड कळत नाहीत. सासरे बहुतेक दुसऱ्या जावयाबद्दल बोलत असावेत.
त्यांना मुलगी एकच.