कोणता परसों?

दिलसुखनगर, हैदराबाद, रविवार

प्रिय गौतम,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. पाठवायचं कुठे तेच कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, चुका सांभाळून घे. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, तू इंग्रजी शाळेतला, तुला मराठी अडखळत वाचावी लागते म्हणून.

उदगीरचं घर बंद करून मी आणि तुझी आई तुझ्याच खोलीत राहायला आलो आहोत. तुझा काळा शर्ट ती खुंटीवरून काढू देत नाही. मी एकच काम करतो. जिथे जिथे तू गिटार वाजवलीस, त्या जागा बघत हिंडतो. पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला म्हटलं, रॉकवाल्या जागी ने. त्याने बंजारा हिल्सला मोठाल्या धोंड्यांपुढे उतरवलं आणि म्हणाला, देखो चाचा, पूरे रॉकां! तू असतास तर पोट धरून हसला असतास.

मग आबिड्सला तू तारा घ्यायचास ते दुकान सापडलं. मालकाने फोटो पाहिला आणि सहज म्हणाला, ये तो परसों आये थे. परवा! पायरीवर बसून राहिलो, पण तुझ्या आईला फोन करायचं धाडस झालं नाही. नारायणगुड्याला कॉलेजच्या हॉलवरचा वॉचमनही तेच म्हणाला, परसों इधरीच बैठे थे. ज्युबिली हिल्सच्या पबात भर दुपारी अंधार होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. झाडणारी बाई फोटोकडे बघतच राहिली. म्हणाली, परसों आये थे बाबा, पूरे भीगे हुए थे. गौतम, या दिवसांत इथे पावसाचा थेंब नाही.

घरी येऊन शेजारच्या मंगलाताईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, अहो काका, हैदराबादी माणसाचा परसों म्हणजे आपला परवा नव्हे. मागे होऊन गेलेला कुठलाही दिवस इथे परसोंच. तीन वर्षांमागचं लग्नसुद्धा परसों झालेलं असतं. तेव्हा कळलं. या सगळ्यांनी तुला पाहिलं ते तू कार्यक्रमाला विशाखापट्टणमला जायच्या आधी. समुद्रकाठी वाळूत तुझे बूट सापडले, त्याच्या आधी. ती भिजल्याची गोष्टही कुठल्या तरी जुन्या पावसातली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पण काल सैनिकपुरीला गेलो. तुमच्या बँडचा ढोलवाला शिवराज, त्याने तुमची सरावाची खोली उघडून दाखवली. कुलूप गंजलेलं, आत कुबट वास. कोपऱ्यात तुझ्या गिटारच्या स्पीकरचा डबा, वर चादर टाकलेली. मी चादरीखाली हात घातला. डबा गरम होता, कुणी आत्ताच बंद करून उठावं तसा. शिवराज म्हणाला, काका, काहीतरीच काय, परसोंपासून बंद आहे तो. मग त्याने स्वतः हात लावला आणि पटकन मागे घेतला. मी विचारलं, कोणता परसों रे? त्याने चादर ओढून परत डब्यावर टाकली. डब्याची वायर प्लगातून काढलेली, भिंतीपासून लांब लोंबत होती.

आता लिहायचं कारण सांगतो. तुझी आई झोपत नाही. डोळा लागला की तू तिला दारात दिसतोस, ओलाचिंब, टॉवेल मागत. गुरुजींनी पालाशविधी सांगितलाय, देह हाती लागला नाही तर करतात तो. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, तुझ्या नावाने त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तू सुटशील आणि तिलाही झोप लागेल. तिच्याकडे पाहवत नाही म्हणून मी हो म्हणून बसलो. विधी परवा आहे. आपला परवा, मंगळवार. एकदा अग्नी दिला की या घराला तू गेलेला. मग दारात कुणी भिजलेला उभा राहिला, तर दार उघडायची माझी छाती होईल का, हे मला खरंच माहीत नाही. म्हणून हे पत्र त्या डब्यावर, चादरीखाली ठेवायला शिवराजकडे देतोय. कोरडा टॉवेल दाराबाहेर दोरीवर टाकलाय. मंगळवारच्या आत काहीतरी कळव बाळा. येतो म्हण, नाहीतर जातो म्हण. पण परसों म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा