वर्गण्यांचा तक्ता आणि सकाळची स्थळं

अकोटा, बडोदे
२ डिसेंबर १९९९

तीर्थस्वरूप श्रीपतराव यांस,

आपल्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे भास्करचा, साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? आमच्याकडे सर्व ठीक; हल्ली पहाटे आंघोळ उरकून बसावं लागतं, एवढंच.

त्याचं असं झालं. घरात वर्गण्या फार झाल्या होत्या. दोन वर्तमानपत्रं, केबल, दूध, रावपुऱ्यातलं वाचनालय, हास्यक्लब (तिथे मी अजून एकदाही हसलेलो नाही) आणि आमच्या मुग्धासाठी शालिनीबाईंचं वधू-वर मंडळ. कुठे किती जातं ते समजेना, म्हणून नव्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये तक्ता केला: नाव, रक्कम, फोन. फार देखणा झाला. फक्त फोनचे आकडे वेडेवाकडे दिसत होते, म्हणून ते चढत्या क्रमाने लावले. (नावं जागच्या जागीच राहिली, हे मागाहून कळलं.)

मग काटकसर म्हणून दूधवाल्याला फोन केला. बाईंनी उचलला. मला वाटलं, त्याची बायको.

"अकोट्याहून भास्करराव. उद्यापासून रोज सकाळी सहाला एकच पाठवा. रविवारी दोन."

"रोज?"

"रोज. आणि जरा बघून पाठवा. मागचं नासकं निघालं."

"माफ करा हं," बाई ओशाळल्या, "घराणं तर चांगलं वाटलं होतं."

मी समजलो, म्हशीबद्दल बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी सहाला बेल वाजली. आपल्या बहिणीने, कुसुमावतीने, अर्धवट झोपेत दारातून पातेलं पुढे केलं, आणि समोरच्या सुटातल्या तरुणाने, ही आमच्या घरची रीत असावी असं समजून, त्यात पेढ्यांचा पुडा ठेवला. मग रोज एक. रविवारी दोघे एकदम आले आणि सोफ्यावर एकमेकांच्या पगाराची चौकशी करत बसले. आता शालिनीबाईंना थांबवायलाच हवं म्हणून मी तक्त्यातलाच नंबर फिरवला आणि "यापुढे एकही नको" असं खडसावून फोन ठेवला. त्या दिवसापासून दूध बंद झालं. मुलगे येतच राहिले.

मुग्धा आजवर फोटो बघूनच नकार द्यायची. आता तोंडात ब्रश धरून नकार देऊ लागली. पण एके सकाळी हरणी भागातून आलेल्या अमोघने कोरा चहा निमूट प्यायला, तक्ता पाहिला आणि तो म्हणाला, "काका, तुम्ही एकच रकाना फिरवलात." मुग्धाने ब्रश बाहेर काढला. "उद्या परत येशील?"

तो आला. येताना दूध घेऊन आला.

आपला,
भास्कर

ता. क. : लग्न ठरतंय. अमोघचे वडील दत्ताजीराव भला माणूस आहे. बोलणी फोनवर नकोत आणि माझ्याशी नकोत, एवढ्या दोनच अटी त्यांनी घातल्या आहेत. तरी आपण रविवारी बोलणीला अवश्य यावं.

आणखी एक : त्या दिवशी मला कुठे पाठवायचं, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. आपल्याकडची एखादी खोली रिकामी असल्यास कळवावं.