मंगळवार की बुधवार

प्रिय बाबा,

आईने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कार्डाच्या प्रूफवरची तारीख खोडली. पुढच्या दिवसाची लिहिली. मंगळवारचा बुधवार केला.

"हे बराबर आहे," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

तुमच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड. वर तुमचा फोटो, खाली 'कालकथित', मग नाव, मग तारीख. प्रूफ उद्या सकाळी मस्तगडच्या छापखान्यात परत द्यायचं आहे. म्हणून आज लिहिते आहे. तुमच्या मरणाचा दिवस ठरवायचा आहे आणि विचारायला तुम्ही नाही.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासलं आणि सांगितलं, मेंदू थांबला आहे. दाखल्यावर तीच वेळ आहे. बुधवारी संध्याकाळी तुम्हाला आत नेलं, मूत्रपिंडं आणि यकृत काढून घेतलं. हृदय तेव्हा थांबलं. अवयव देण्यावरून घरात वाद झाला नाही. "कामाला येईल ते देऊन टाका," हे तुम्ही जेवताना कितीदा बोलला होतात. आईने सही माझ्याआधी केली.

वाद मधल्या वेळेचा आहे. तेवढा वेळ ती तुमचा हात धरून बोलत होती. तूर कशी आली, काकांचा फोन आल्ता, न्हाणीतला नळ अजून गळतो. मी शेजारी उभी होते.

आज मी तिला म्हटलं, "आई, श्वास मशीन देत होतं."

"मंग मी मशीनशी बोलले?"

"तसं नाही."

"दाढी वाढून राह्यली होती त्यांची. मेलेल्याची दाढी वाढती का? तू कालेजात शिकवती ना, सांग."

माझ्याकडे उत्तर होतं. ते तिच्या प्रश्नाचं नव्हतं.

तुम्ही काय म्हणाला असतात? एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत तुमचं आयुष्य गेलं. ओल्या कागदात मूग गुंडाळून ठेवायचा, ठरल्या दिवशी उघडून मोजायचा. नवीन आलेले लोक न उगवलेला प्रत्येक दाणा मेलेल्यांत धरत, आणि तुम्ही चिडायचात. चिमट्याने दाबून बघायला लावायचात. मऊ पडला तो मेला. काही दाणे मात्र ठेवले तसेच टणक राहिलेले असत. पाणीच प्यायलेले नसत. "ह्याला मेलेलं म्हणायची तुला एवढी जल्दी का?" त्यांची मोजणी तुम्ही वेगळी ठेवायचात.

तुम्ही आणि तो दाणा सारखे नव्हतात, हे मला कळतं. दाणा उद्या उगवू शकतो. तरी वेगळ्या मोजणीची सवय तुम्हीच आम्हाला लावलीत, आणि कार्डावर तारखेला एकच ओळ आहे.

बुद्धविहारात मात्र तुम्ही दुसऱ्या बाजूने भांडायचात. आत्मा नाही, गेलेला माणूस कुठे वाट बघत बसलेला नाही, मग त्याच्याशी बोलायचं कशाला? शेजारचे गुरुजी एकदा म्हणाले, "मंग पुण्यानुमोदन कशाला करता, साहेब? जेवायला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "राहिलेल्यांसाठी," म्हणालात आणि विषय संपवलात. संपला होता का तो, बाबा?

भाकरी झाल्यावर आईला नीट समजवायचं, म्हणून मी मुद्दे लिहायला बसले. मेंदू, मशीन, दाखला. कागद पुढे ओढला आणि पहिले शब्द लिहिले ते 'प्रिय बाबा'.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. मी तुम्हाला प्रश्न विचारते आहे. आईने धरलेला हात निदान गरम होता.

तिने लिहिलेली तारीख मी खोडणार नाही. दाखला दाखल्याच्या जागी राहील. कोणी विचारलं तर मंगळवारी काय झालं ते सरळ सांगेन, आणि कार्डावर बुधवार का आहे तेही सांगेन. आईसमोर सांगेन.

तुमची,
सुजाता

ता. क. सकाळी आई माझ्याबरोबर छापखान्यात आली. छापणारा म्हणाला, "ताई, तारीख बदलली. पक्की ना?" आई म्हणाली, "बराबर आहे. छापा." परत येताना तिने नळाचा वायसर घेतला.