बोर्डावरचा एक खरा फोन

३ जून, भर दुपार
ऑपरेटरची खोली

चि. चिमणे,

खूप खूप आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझे बारावीचे मार्क मी इथे ज्याला त्याला सांगत सुटलोय. टाइपिस्टबाई म्हणाल्या, तुम्हा भावंडांचे डोळे सोडले तर बाकी सगळं तल्लख आहे. हसलो.

फोन सोडून ब्रेलच्या पाटीवर टोचत बसलोय, कारण फोनवर मला फार सफाईने खोटं बोलता येतं.

ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर श्वास घ्यायला फुरसत नाही असं तुला सांगत आलो, ती थाप होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि आठ महिन्यांपूर्वी बोर्ड मुका झाला. पण अपंगांच्या जागा भरलेल्या दाखवायला साहेबांना मी हवा. म्हणून मला काम आहे असं वाटावं यासाठी वरच्या मजल्यावरचे दोन कारकून आळीपाळीने मला खोटे फोन करतात. एकजण तर म्हातारीचा आवाज काढतो. त्याची कवळी शिट्टी मारते गं, आणि त्याला वाटतं, आंधळ्याला काय कळतंय. मीही अदबीने, जोडून देतो हं आजी, म्हणतो आणि महिनाअखेरीस पगार घेऊन घरी जातो. लाज वाटते. फार वाटते.

साहेबांना आता आणखी एक जागा भरायची आहे. बहिणीला आणा म्हणाले. मी हो म्हणून बसलो.

आता जे सांगायला बसलोय ते. कॉलेजच्या फॉर्मवर तू या बोर्डाचा नंबर दिला होतास. सोमवारी त्यांचा फोन आला, आठ महिन्यांतला एकुलता एक खरा. शिक्षिकेच्या कोर्सला तुझी निवड झालीय. मी म्हणालो, "तिला नोकरी लागली. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

जीभही अडखळली नाही माझी. शेजारी तुझी खुर्ची येईल, दोघं मिळून डबा खाऊ, कुणीतरी आपल्याशी खरं बोलेल, एवढंच डोक्यात होतं.

आज सकाळी धीर करून त्यांना फोन लावला. तिथल्या बाईंनी चांगलंच झापलं. जागा अजून कुणाला दिलेली नाही. पंधरा तारखेला हजर झालीस तर तुझीच.

थेट कॉलेजात जा. वाटेत मला भेटायला उतरू नकोस. तू समोर आलीस, तर मी तुला जाऊ देणार नाही.

तुझं वाईट करून बसलेला,
तुझाच दादा